चिंबोरीचं कूळ कसं शोधायचं: डीएनएवरून समुद्री अपृष्ठवंशीयांचा वंशवृक्ष मांडण्याची रीत

खाडीतली चिंबोरी दोन तऱ्हेची असते. एक मोठी, हिरवट, सगळ्या पायांवर जाळीदार नक्षी असलेली. दुसरी लहान, तांबूस-तपकिरी, जिच्या मागच्या पायांवर ती नक्षी जवळपास नसतेच. खाडीत खेकडे धरणाऱ्यांना हा फरक लहानपणापासून ठाऊक असतो. प्राणिशास्त्राला मात्र तो पक्का करायला दोन शतकांहून जास्त काळ लागला. फोर्स्कोलने १७७५ मध्ये 'सेराटा' हे नाव दिलं. १९४९ मध्ये फिलिपिन्समध्ये एस्टाम्पादोरने या खेकड्यांच्या वेगवेगळ्या जाती मांडल्या. १९६० मध्ये स्टीफन्सन आणि कॅम्पबेल यांनी त्या पुन्हा एकाच जातीत घातल्या. शेवटी १९९८ मध्ये कीनन, डेव्ही आणि मान यांनी शरीराच्या मोजमापांना प्रथिनांच्या आणि मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएच्या पुराव्याची जोड दिली आणि 'सिला' या प्रजातीत (जीनसमध्ये) चार जाती असल्याचं दाखवलं: सेराटा, ऑलिव्हेसिया, ट्रँक्वेबारिका आणि पॅरामामोसेन.

आपल्याकडचा गोंधळ त्यानंतरही चालू राहिला. भारतातल्या लेखांत मोठ्या चिंबोरीला बरीच वर्षं ट्रँक्वेबारिका म्हणत आणि लहानीला सेराटा. डीएनए तपासल्यावर मोठी ती सेराटा आणि लहान ती ऑलिव्हेसिया निघाली. म्हणजे जुन्या भारतीय शोधनिबंधांत 'सेराटा' म्हणून जे छापलंय, ते पुष्कळदा ऑलिव्हेसियाबद्दल आहे. दोघींची वाढ वेगळी, कमाल आकार वेगळा, त्यामुळे पालन करणाऱ्याला या नावांच्या अदलाबदलीचा थेट फटका बसतो.

ही चिंबोरी डोळ्यांसमोर ठेवून आपण सगळी रीत पाहू. प्राणिशास्त्र किंवा सागरी विज्ञानात एम.एस्सी. करणारे, महाविद्यालयात छोटा प्रकल्प चालवणारे शिक्षक, यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. झाड संगणक काढून देतो, पण ते विश्वासार्ह आहे की नाही हे बाटलीतल्या तुकड्यावर आणि त्यावरच्या चिठ्ठीवर ठरतं. म्हणून किनाऱ्यावरच्या आणि प्रयोगशाळेतल्या कामाला इथे संगणकापेक्षा जास्त जागा दिली आहे.

आधी प्रश्न, मग जनुक

'खेकड्यांची उत्क्रांती अभ्यासायची आहे' हा प्रश्न नाही. 'या खाडीतल्या दोन रूपांच्या चिंबोऱ्या एकाच जातीच्या आहेत का, आणि त्यांचे सर्वांत जवळचे नातलग कोण?' हा प्रश्न आहे. तो किती जुन्या फाट्याबद्दल आहे, यावरून जनुक निवडायचं.

जवळच्या जाती ओळखायच्या असतील तर मायटोकॉन्ड्रियातलं सीओआय हे जनुक. ते बऱ्यापैकी वेगाने बदलतं, आणि १९९४ मध्ये फोल्मर आणि सहकाऱ्यांनी दिलेले एलसीओ१४९० आणि एचसीओ२१९८ हे प्रायमर (हव्या तुकड्याची दोन टोकं पकडणारे डीएनएचे छोटे धागे) अपृष्ठवंशीयांच्या असंख्य गटांत चालतात. प्रायमर वजा केले की ६५८ अक्षरांचा तुकडा हाती येतो. २००३ मध्ये हेबर्ट यांनी 'डीएनए बारकोड', म्हणजे ठराविक तुकड्यावरून जात ओळखण्याची कल्पना मांडली ती याच जनुकावर. त्याच्या जोडीला मायटोकॉन्ड्रियातलंच १६एस घ्यावं. ते कमी वेगाने बदलतं, म्हणून प्रजाती आणि कुळाच्या पातळीवर उपयोगी पडतं.

प्रश्न त्याहून खोल असेल, म्हणजे खेकडे, कोळंबी आणि बार्नेकल (खडकाला किंवा इतर प्राण्यांना चिकटून राहणारे कवचाचे प्राणी) यांचं आपसातलं नातं, तर केंद्रकातली १८एस, २८एस आणि हिस्टोन एच३ ही जनुकं. प्राणिसृष्टीच्या मोठ्या फांद्या १८एसनेच हलवल्या. १९८८ मध्ये फील्ड आणि सहकाऱ्यांनी या रेणूवरून प्राण्यांचा वंशवृक्ष मांडायला सुरुवात केली. १९९७ मध्ये अॅग्विनाल्दो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कात टाकणारे संधिपाद प्राणी (खेकडे, कीटक) हे गांडुळासारख्या खंडखंडांच्या वलयी कृमींपेक्षा गोलकृमींना जवळचे आहेत. शरीराचे खंड पाहून शंभर वर्षं जे शिकवलं गेलं, त्याच्या हे उलट होतं.

सगळ्या गटांना सीओआय लागू पडत नाही, हे निवडीच्या वेळीच लक्षात घ्या. प्रवाळ आणि समुद्रफुलांमध्ये मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए इतका हळू बदलतो, की दोन स्पष्ट वेगळ्या जातींचा सीओआय अक्षरशः सारखा निघू शकतो. स्पंजांतही तीच अडचण येते. मिटिलस गटातल्या शिंपल्यांमध्ये मायटोकॉन्ड्रिया आईकडून आणि बापाकडून अशा दोन वेगळ्या वाटांनी पुढे जातात. नरांच्या जननग्रंथीतला ऊतक घेतला तर बापाकडची प्रत हाती लागते, आणि एकाच जातीचे नर-मादी झाडावर दोन फांद्यांवर जाऊन बसतात. अशा शिंपल्यांत पायाचा किंवा कवच मिटणाऱ्या स्नायूचा तुकडा घ्यावा.

किनाऱ्यावर

परवानग्या आधी. महाराष्ट्रातली बरीच कांदळवनं राखीव वन आहेत, तिथे नमुने घ्यायला वनविभागाची लेखी परवानगी लागते. प्रवाळ, समुद्री काकड्या आणि काही शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. किनाऱ्यावर मेलेला सापडला म्हणून तो उचलायची मोकळीक मिळत नाही. परदेशातल्या सहकाऱ्याला ऊतक पाठवायचं असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा आड येतो. ही कागदपत्रं काम संपल्यावर गोळा करता येत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय चांगलं नियतकालिक तुमचा लेख घेणार नाही.

चिंबोरीसाठी बाजार किंवा थेट खेकडे धरणारा माणूस हे उत्तम ठिकाण. फक्त 'कुठल्या खाडीतली?' याचं खात्रीचं उत्तर हवं. मोठ्या बाजारात चार खाड्यांचा माल एका टोपलीत मिसळलेला असतो, तिथून घेतलेल्या नमुन्याला ठिकाणच नसतं. तुमचा प्रश्न ठिकाणावर अवलंबून असेल तर असा नमुना घेऊच नका.

प्राणी जिवंत असताना फोटो काढा, कारण अल्कोहोलमध्ये रंग जातो. चिंबोरीचे चार फोटो लागतात: वरून, खालून, डोळ्यांच्या मधल्या दातांचा जवळून, आणि डेंग्याच्या मनगटाचा बाहेरच्या अंगाने. सेराटाचे कपाळावरचे दात उंच आणि टोकदार असतात आणि मनगटाच्या बाहेरच्या कडेला दोन ठळक काटे दिसतात. ऑलिव्हेसियाचे दात बुटके, गोलसर असतात आणि ते काटे झिजल्यासारखे असतात किंवा नसतातच. ही ओळख डीएनएच्या आधी, डीएनएचं उत्तर माहीत नसताना वहीत लिहून ठेवा. नंतर लिहिलेली ओळख नकळत उत्तराकडे झुकते.

ऊतक कुठलं घ्यायचं? चालण्याच्या पायातला स्नायू, तांदळाच्या दाण्याएवढा. कल्ले घेऊ नका. चिंबोरीच्या कवचाची बाजू उचलून पाहिलीत तर कल्ल्यांवर बऱ्याचदा बारीक देठाचे, पांढुरके ठिपके चिकटलेले दिसतात. ते ऑक्टोलास्मिस नावाचे बार्नेकल असतात. तेही खेकड्यासारखे कवचधारीच (क्रस्टेशियन), आणि फोल्मरचे प्रायमर त्यांचाही सीओआय आनंदाने वाढवतात. पोटाचा भाग तर मुळीच नको, कारण त्यात प्राण्याचं जेवण असतं.

जेवणाची गोष्ट किती महागात पडू शकते याचं उदाहरण स्वीडनचं आहे. झेनोटर्बेला बोकी हा चिखलातला, जवळजवळ निराकार किडा. सिक्स्टन बोक यांना तो १९१५ मध्ये सापडला आणि १९४९ मध्ये वेस्टब्लाड यांनी त्याचं वर्णन केलं. तो कुठल्या गटातला हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. १९९७ मध्ये त्याचा डीएनए वाचला गेला आणि तो शिंपल्यांच्या कुळातला असल्याचं जाहीर झालं. २००३ मध्ये बुर्ला आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तो डीएनए किड्याने खाल्लेल्या शिंपल्यांचा होता. किड्याचा स्वतःचा डीएनए त्याला प्राणिसृष्टीच्या पार वेगळ्या फांदीवर नेतो. ती फांदी नेमकी कुठे जोडायची यावर आजही वाद आहे, पण तो शिंपला नाही यावर नाही.

तुकडा काढल्यावर तो ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉलमध्ये टाका. ऊतकाच्या दहापट अल्कोहोल असू द्या आणि एका दिवसाने ते बदला, कारण ऊतकातलं पाणी उतरून अल्कोहोल पातळ होतं. फॉर्मॅलिन नको, ते डीएनए जखडून ठेवतं. दुकानात मिळणारा रंगीत स्पिरिटही नको, त्यात इतर रसायनं मिसळलेली असतात. बाटलीत घालायची चिठ्ठी पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर नमुना क्रमांक, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. बाटल्या उणे २० अंशांवर ठेवा. आणि ज्याचा पाय घेतला तो खेकडा फेकू नका, शिजवू तर नकाच. तोच तुमचा पुरावा आहे. त्याच क्रमांकाची चिठ्ठी बांधून तो वेगळा जतन करा.

एका खाडीतून प्रत्येक रूपाचे निदान पाच-सहा प्राणी हवेत. एकेका प्राण्यावर काढलेलं झाड दिसायला सुबक असतं, पण जातीच्या आतला फरक किती हे ते सांगूच शकत नाही.

डीएनए बाहेर काढणं

खेकड्याच्या स्नायूला तयार किट पुरतं. तुकडा चिमट्याने टिपून अल्कोहोल उडू द्या, बारीक करा, प्रोटिनेज के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवा. सकाळी द्राव स्वच्छ दिसला पाहिजे. तुकडा तसाच असेल तर आणखी थोडं एन्झाइम घालून दोन-तीन तास वाट बघा, घाईने पुढे जाऊ नका.

कालवं, तिसऱ्या, शंख यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या अंगातला बुळबुळीतपणा म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या. त्या डीएनएबरोबर खाली बसतात आणि पुढे पीसीआर, म्हणजे हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं, अडवतात. इथे सीटॅब (साबणासारखं एक रसायन) पद्धत वापरावी: सीटॅबच्या द्रावात ६० ते ६५ अंशांवर पचन, मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४:१ प्रमाणात घालून हलवणं, सेंट्रिफ्यूज, वरचा थर अलगद वेगळा, आयसोप्रोपेनॉलने डीएनए खाली बसवणं आणि ७० टक्के इथेनॉलने धुणं. मधला पांढरा थर पिपेटच्या टोकाला लागू देऊ नका. वरचं थोडं पाणी सोडून द्यावं लागलं तरी चालेल. क्लोरोफॉर्मचं काम धूर ओढणाऱ्या कपाटातच.

प्रत्येक खेपेला एक रिकामी नळीही सोबत चालवा, म्हणजे तिच्यात ऊतक सोडून बाकी सगळं घालायचं. त्या नळीत नंतर डीएनए दिसला तर तुमच्या द्रावांपैकी काहीतरी दूषित आहे, आणि त्या खेपेतल्या एकाही निकालावर भरवसा ठेवता येणार नाही.

एक टक्का अॅगरोजच्या जेलवर डीएनए चालवून बघा. वर एक ठळक पट्टा म्हणजे डीएनए शाबूत आहे. खालपर्यंत पसरलेला धूसर पट्टा म्हणजे तो तुटला आहे, तरी सीओआयसारखा छोटा तुकडा मिळण्याची आशा असते. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या वाचनाचं गुणोत्तर १.८ ते २ च्या आसपास हवं.

पीसीआर आणि वाचन

सीओआयसाठी सुरुवातीला हा कार्यक्रम लावा: ९४ अंशांवर ३ मिनिटं, मग ३५ फेऱ्या, प्रत्येकीत ९४ अंशांवर ३० सेकंद, ४८ अंशांवर ४० सेकंद, ७२ अंशांवर १ मिनिट, शेवटी ७२ अंशांवर ७ मिनिटं. जेलवर सुमारे ७०० अक्षरांच्या जागी एकच पट्टा दिसायला हवा. काहीच दिसलं नाही तर मधलं तापमान ४५ पर्यंत उतरवा. दोन-तीन पट्टे आले तर ते तापमान वाढवा. मृदुकाय प्राण्यांत काहीच न येण्याचं सर्वांत सामान्य कारण अडवणारी रसायनं हे असतं. अशा वेळी डीएनए वाढवण्यापेक्षा तो दहापट पातळ करून पाहा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. डीएनए न घातलेली नळी इथेही हवीच.

अनुक्रम, म्हणजे डीएनएतली अक्षरांची ओळ, वाचण्यासाठी नमुने बाहेर पाठवाल तेव्हा दोन्ही बाजूंनी वाचन मागा. थोडे पैसे जास्त जातात, पण एका बाजूचा धूसर भाग दुसऱ्या बाजूने स्वच्छ मिळतो. आलेली अक्षरं तशीच उचलू नका, आलेख उघडून स्वतः वाचा. शिखरं एकेरी आणि सुटी हवीत. मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकात जागोजागी दुहेरी शिखरं दिसली तर दोन डीएनए मिसळले आहेत, किंवा केंद्रकात जाऊन बसलेली जनुकाची जुनी, निकामी प्रत सोबत आली आहे. कवचधाऱ्यांत ही भानगड वारंवार भेटते.

ती पकडायचा सोपा मार्ग म्हणजे अनुक्रमाचं प्रथिनात भाषांतर. ६५८ अक्षरांच्या तुकड्यात वाचन दुसऱ्या अक्षरापासून सुरू होतं. मध्ये कुठेही 'थांबा' असा संकेत येता कामा नये. आला तर ती निकामी प्रत असण्याची दाट शक्यता. पण त्याआधी संगणकाला जनुकीय संकेतांचा योग्य तक्ता दिला आहे का ते बघा. खेकडे आणि मृदुकाय यांच्यासाठी ५ क्रमांकाचा, प्रवाळ आणि जेलीफिशसाठी ४, तारामासे आणि समुद्री काकड्यांसाठी ९. नेहमीच्या तक्त्यात टीजीए म्हणजे थांबा, या प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात ट्रिप्टोफॅन. चुकीच्या तक्त्याने चांगला अनुक्रम खराब ठरवून फेकला जातो.

मग जेनबँक या अनुक्रमांच्या खुल्या साठ्यात ब्लास्ट करून, म्हणजे जुळणारे अनुक्रम शोधून पाहा. चिंबोरीच्या नळीतून बार्नेकल, जिवाणू किंवा माणूस निघाला तर तो इथेच कळतो.

तुलनेसाठी कोण?

सगळ्यात जास्त सावधगिरी इथे हवी. जेनबँकमधलं नाव हे अनुक्रम जमा करणाऱ्याने दिलेलं असतं. 'सिला सेराटा' या नावाखालचे काही अनुक्रम प्रत्यक्षात ऑलिव्हेसियाचे आहेत, कारण ते जुन्या भारतीय नावाने जमा झाले. ब्लास्टने ९९ टक्के जुळणारं नाव दाखवलं म्हणून ते चिकटवू नका. ज्या अनुक्रमामागे संग्रहालयातला नमुना आहे, ज्याचं ठिकाण दिलं आहे आणि ज्यावर प्रजातीची फेरमांडणी करणाऱ्यांनी काम केलं आहे, असेच अनुक्रम प्रमाण म्हणून घ्या. चारही जातींचे प्रत्येकी दोन-तीन तरी हवेत.

झाडाला मूळ लावण्यासाठी एक-दोन बाहेरचे नातलग लागतात. चिंबोरीसाठी त्याच कुळातले पोहणारे खेकडे बरे, जसे पाठीवर तीन लाल ठिपके असलेला पोर्ट्यूनस सँग्विनोलेंटस किंवा कॅरिब्डिस फेरिआटा. फार लांबचा नातलग, समजा कोळंबी, घेतलात तर त्याची लांबलचक फांदी इतर लांब फांद्यांना स्वतःकडे ओढते आणि खोटं नातं दाखवते. हा धोका फेल्सेन्स्टाइन यांनी १९७८ मध्येच दाखवला होता.

रांगेत लावणं आणि झाड काढणं

मॅफ्ट या प्रोग्रामने अनुक्रम रांगेत लावा. सीओआयमध्ये रिकाम्या जागा येऊच नयेत, आल्या तर वाचनात घोळ आहे. १६एस आणि १८एसमध्ये मात्र रिकाम्या जागा येणारच, कारण त्या रेणूच्या वळशांची लांबी बदलत असते. कुठलं अक्षर कुणाखाली येतं हे जिथे खात्रीने सांगता येत नाही, तो भाग काढून टाका, आणि काय काढलं ते लिहून ठेवा.

पहिली ढोबळ कल्पना येण्यासाठी जोडीजोडीतलं अंतर मोजा. एका जातीतला फरक बहुतेक खेकड्यांत एक-दोन टक्क्यांच्या आत राहतो, दोन जातींमधला त्याच्या कित्येक पट असतो. तुमच्या आकड्यांत मध्ये अशी मोकळी दरी दिसली तर दोन रूपं म्हणजे दोन जाती असण्याचा पुरावा मजबूत.

अंतर म्हणजे वंशवृक्ष नव्हे. त्यासाठी आयक्यू-ट्री हा प्रोग्राम वापरा, तो फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. सीओआयच्या तीन-तीन अक्षरांच्या संकेतांतली पहिली, दुसरी आणि तिसरी जागा वेगळी वाटून द्या, कारण तिसरी जागा सर्वांत वेगाने बदलते. बदलाचं प्रारूप प्रोग्रामला निवडू द्या. फांद्यांचा आधार तपासायला जलद बूटस्ट्रॅप (माहितीतून पुन्हा पुन्हा निवड करून झाड तेच येतं का बघणं) १,००० वेळा चालवा. या जलद प्रकारात ९५ किंवा वरचा आकडाच भक्कम धरायचा. जुन्या, सावकाश बूटस्ट्रॅपमध्ये ७० ला जो मान होता तो इथे ७० ला नाही. सोबत मिस्टर बेज हा झाड काढणारा दुसरा प्रोग्राम चालवलात तर दोन स्वतंत्र धावांमधला फरक ०.०१ च्या खाली आला का बघा, आणि सुरुवातीचा चौथा भाग टाकून द्या.

झाड वाचताना फक्त फाटे बघा. कोण वर छापलाय आणि कोण खाली, याला अर्थ नाही. कुठल्याही फाट्याभोवती फांद्या फिरवल्या तरी झाड तेच राहतं. मुळाजवळ एकटी सुटलेली जात 'आदिम' किंवा 'पूर्वज' असंही नसतं. ती आजची जिवंत जात आहे, तिच्याही मागे तेवढाच काळ गेला आहे.

एका जनुकाचं झाड म्हणजे जातीचं झाड नाही

मायटोकॉन्ड्रियातली सगळी जनुकं एकत्रच, आईकडून येतात. सीओआय आणि १६एस दोन्ही सारखं बोलली, तरी साक्षीदार एकच धरायचा. दोन जातींचा कधी संकर झाला असेल तर ते या जनुकांतून कळणार नाही. म्हणून केंद्रकातलं निदान एक जनुक हवं. दोन्ही झाडं जुळली तर उत्तम. जुळली नाहीत तर दोन्ही शेजारी छापा, एकत्र शिवून मतभेद लपवू नका. निधी असेल तर ट्रान्सक्रिप्टोम (ऊतकातला सगळा आरएनए) किंवा पूर्ण जीनोमकडे जाता येतं, पण त्यासाठी ऊतक आरएनए टिकवणाऱ्या द्रावात किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावं लागतं. तो निर्णय किनाऱ्यावर जायच्या आधीच घ्यायचा असतो.

दोन जाती कधी वेगळ्या झाल्या हे सांगायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यासाठी घड्याळ लावावं लागतं, म्हणजे डीएनए किती वेगाने बदलतो हे ठरवावं लागतं, आणि समुद्री अपृष्ठवंशीयांत सर्वांत जास्त वापरलेलं घड्याळ पनामाचं आहे. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी पूर्ण बंद झाली आणि दोन महासागरांतले प्राणी एकमेकांपासून तुटले. नोल्टन आणि वाइट यांनी १९९८ मध्ये तिथल्या टिचकी वाजवणाऱ्या अल्फियस कोळंब्यांच्या जोड्या तपासल्या. जोड्यांमधला फरक एकसारखा नव्हता. खोल पाण्यातल्या कोळंब्या भूमी बंद होण्याच्या खूप आधीच विभागल्या होत्या, कांदळवनातल्या शेवटी. सर्वांत कमी फरकाच्या जोड्यांवरून सीओआयचा वेग दर दहा लाख वर्षांना सुमारे १.४ टक्के निघाला. तो आकडा कोळंब्यांचा आहे. चिंबोरीला लावायचा असेल तर अंदाज म्हणून, मोठ्या मर्यादांसह लावा, आणि कालवांना किंवा प्रवाळांना मुळीच लावू नका.

जमा करणं

अनुक्रम जेनबँकमध्ये किंवा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात जमा करा. जमा करताना नमुन्याचा क्रमांक, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि ओळख कोणी केली हे रकाने रिकामे सोडू नका. जपून ठेवलेले खेकडे भारतीय प्राणिसर्वेक्षणाच्या संग्रहात द्या. त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. तिथे मिळालेला नोंदणी क्रमांक तुमच्या लेखात आणि जेनबँकच्या नोंदीत दोन्हीकडे घाला. रांगेत लावलेली मूळ फाइल आणि झाडाची फाइलही सोबत द्या, नुसतं चित्र नको. पुढे कोणी सिलाची पुन्हा फेरमांडणी केली, तर तुमच्या खाडीतली चिंबोरी कुठल्या जातीची होती हे त्याला बरणी उघडून, डेंग्याच्या मनगटावरचे काटे मोजून तपासता येईल.